पाचशेनं कमी

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. शिकवलं त्यानं जन्मात कुणाला काही नव्हतं. पण गळ्यात टेप, कानावर खडू आणि बोलण्यात असा रुबाब, की तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आधी "बसू का?" म्हणून विचारी. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत मशीन, मशीनमागे मास्तर आणि मास्तरमागे रेक्झिनच्या गुंडाळ्या. चौथं काही आत यायचं तर आधीच्या तिघांपैकी एकाला बाहेर पडावं लागे. बहुतेक वेळा मास्तरच पडे आणि फुटपाथवर फतकल मारून जुने टाके उसवत बसे.

हात चांगला होता, हे कबूल करायला हवं. गाडी भंगारात जाई, पण मास्तरची शिवण उसवत नसे. मात्र हल्लीच्या गाड्या कारखान्यातूनच नटूनथटून येतात. मास्तरच्या वाट्याला उरल्या होत्या त्या म्हाताऱ्या गाड्या आणि त्यांचे चिक्कू मालक. महिनाभर राबून हातात पडे त्यात दुकानाचं भाडं निघे आणि मशीनला तेल येई.

मग घर कशावर चालत होतं? बायकोवर.

हे लिहायला एक ओळसुद्धा लागली नाही. मास्तरला ते तोंडातून काढायला सहा वर्षं पुरली नव्हती.

बायको एका वृद्धाश्रमात कामाला होती. अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायचं, आंघोळ घालायची, चादरी बदलायच्या, नखं कापायची, आणि ज्यांना आता कुणाचंच नाव आठवत नाही त्यांनी रोज नव्या नावानं हाक मारली की रोज ओ द्यायची. कंबरेला पट्टा बांधून ती हे सगळं करी. पगार बरा होता, कारण या कामावर कुणी टिकत नाही.

मास्तरच्या आईला मात्र भलतंच ठाऊक होतं, आणि आईला ठाऊक म्हणजे अख्ख्या इमारतीला ठाऊक. सून 'सेवा करायला' जाते. फुकट. दुपारचं जेवण तिकडंच होतं, घरातलं तेवढं वाचतं.

ही थाप सुरू झाली ती एका चांगल्या वाक्यापासून. आई ऐन तरुणपणी विधवा झालेली. चार घरची धुणीभांडी करून तिनं पोराला वाढवलं. पहिली कमाई तिच्या हातावर ठेवताना मास्तर म्हणाला होता, "आई, आता या घरातली बाई पोटासाठी दुसऱ्याच्या दारात जाणार नाही." वाक्य झकास होतं. आईनं ते जपून ठेवलं आणि भेटेल त्याला ऐकवलं. पुढं धंदा बसला, बायकोनं काम धरलं, पण वाक्य आपलं तसंच छाती काढून उभं. त्याला खाली बसवणार कोण?

म्हणून पगाराच्या दिवशी एक नाटक चाले. गल्लीच्या कोपऱ्यावर एक बंद पडलेली लाँड्री होती. तिथं मास्तर येऊन उभा राही. बायको कामावरून येई, पिशवीतून पगाराचं पाकीट काढी आणि त्याच्या हातात देई. तो ते खिशात घाली. मग तो पुढं, ती मागं, अशी दोघं जिना चढत. घरात आल्यावर आईच्या देखत मास्तर खिशातून तेच पाकीट काढी आणि बायकोपुढं धरी. "घे गं. बेतानं खर्च कर."

"हो," ती म्हणे.

"बघ," खाटेवरून आई बोले, "माझ्या पोरानं कधी हात आखडता घेतला नाही. नाहीतर तू! दोन हात असून घराला काडीचा उपयोग नाही. परक्यांची सेवा करायला बरा उत्साह येतो."

सुरुवातीला कोपऱ्यावर पाकीट देताना बायकोला हसू यायचं. दोघं मिळून म्हातारीची गंमत करतोय असं वाटायचं तिला. मग हसू बंद झालं. मग पाकीट देताना ती त्याच्याकडं न बघता रस्त्याकडं बघायला लागली. मास्तरला हे दिसत होतं. दिसत नव्हतं म्हणून त्याला सोडून देता येणार नाही.

असंच चाललं असतं, पण मशीननं दगा दिला. दवाखान्यांच्या खुर्च्या बनवणारा एकजण मास्तरला कायमचं काम द्यायला तयार झाला. काम भरपूर, पण माल जाड. जुन्या मशीनची सुई दर चार टाक्यांना मोडायची. जाड मालाची मशीन घ्यायची तर मशीनवाला म्हणाला, हप्ते करून देतो, पण फक्त क्रेडिट कार्डावर. तेव्हा शेजारच्या चावीवाल्याला सोबत घेऊन मास्तर बँकेत गेला.

काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती. तिनं मास्तरची कमाई विचारली, कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि ओठ मुडपले.

"तुमच्या एकट्याच्या उत्पन्नावर नाही बसत हो काका. मिसेस काही करतात?"

मागं रांग होती. खांद्याशी चावीवाला होता.

"नाही," मास्तर म्हणाला. "म्हणजे... करते काहीतरी. थोडंफार."

"मग तेही लिहा ना. जोडीदाराचं उत्पन्न धरता येतं. फक्त ते तुम्हाला वापरता यायला हवं. येतं ना वापरता?"

सहा वर्षं त्याच पगारावर जेवणारा माणूस म्हणाला, "कधीमधी."

मुलीनं अर्जावरचा रकाना दाखवला. मास्तरनं आधी स्वतःची कमाई लिहिली. ती खरी लिहिली. मग बायकोच्या रकान्याशी पेन थांबलं. तिचा पगार त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. चावीवाला मान लांब करून बघत होता. मास्तरनं आपल्या आकड्याकडं एकदा पाहिलं आणि खाली त्याहून पाचशेनं कमी आकडा लिहिला.

आता बोला! बँकेला आकडा मोठा हवा होता. मोठा लिहिला असता तर फायदा याचाच होता, आणि तो खराही होता. तिथंसुद्धा या गृहस्थानं बायकोला स्वतःपेक्षा बुटकी करून उभी केली.

"अरे वा," चावीवाला म्हणाला, "वहिनी अगदी तुझ्या मागोमाग आहेत की!"

"मागेच," मास्तर म्हणाला.

मुलीनं बेरीज केली. "काठावर आहे, पण होऊन जाईल. घरी आमचा माणूस चौकशीला येईल. मिसेसना घरी थांबायला सांगा तेवढं."

संध्याकाळी लाँड्रीच्या कोपऱ्यावर त्यानं बायकोला सांगितलं. पगाराचा दिवस नव्हता, तरी तिथंच गाठलं. खऱ्या गोष्टी बोलायला या नवराबायकोला तेवढीच जागा होती.

"माझा पगार लिहिलात?" ती म्हणाली. "अर्जावर?"

"लिहावा लागला."

तिचा चेहरा असा उजळला की मास्तरला दुसरीकडं बघावं लागलं. आकडा किती लिहिला, हे तिनं विचारलंच नाही. खरं तेच लिहिलं असणार, हे तिनं धरूनच चाललं.

"मग एक करा," ती म्हणाली. "तो माणूस यायच्या आधी आईंना सांगून टाका. बँकेला सांगता येतं, मग घरात सांगायला काय झालं? मला नका सांगायला लावू. तुम्हीच सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"बघतो, वेळ बघून सांगतो."

'वेळ बघून' म्हणजे काय, हे लग्न झालेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. तरी तिनं चार दिवस वाट बघितली.

मास्तरनं वेळ बघितली ती वेगळीच. चौकशीचा माणूस बायकोच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी येणार होता. आईला तेवढ्यापुरतं खालच्या शेजारणीकडं टीव्ही बघायला धाडायचं, असा बेत त्यानं केला. आई तयारही झाली. एका पायात चप्पल घातली, दुसरी खाटेखाली गेली होती ती काठीनं ओढत होती. एवढ्यात दारात हेल्मेट दिसलं. साहेब लवकर आले होते.

तीन जिने चढून तो माणूस घामाघूम झाला होता. बायकोनं त्याला पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला, कागद मांडीवर घेतला आणि म्हणाला, "फार वेळ नाही घेत. घरात कमावणारे किती?"

"एकच," काठी टेकवत आई म्हणाली. "हा माझा वाघ."

"आणि ताई?"

"ती कुठली कमावते? ती जाते म्हाताऱ्यांची सेवा करायला. फुकटात."

"पण इथं तर ताईंचं उत्पन्न लिहिलंय, मावशी."

आईला हसू आलं. "चुकून लिहिलं असेल रे. याला लहानपणापासून लिहायचा कंटाळा. विचार त्यालाच."

साहेबानं मास्तरकडं पाहिलं. आईनं पाहिलं, तोंडावर हसू तसंच. बायको रिकामा पेला घेऊन उभी होती, तिनंही पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती, एवढंच.

खरा शब्द मास्तरच्या ओठापर्यंत आला होता.

"चुकून लिहिलं गेलं," तो म्हणाला.

"चुकून?" साहेब चक्रावला. "अहो, आकडा दिलाय तुम्ही. तुमच्या कमाईपेक्षा ताईंची बरोबर पाचशेनं कमी. खाली बेरीज धरलीय. असं चुकून होतं?"

पेला बायकोच्या हातातच राहिला. पण मास्तरनं तिचा चेहरा बघितला आणि त्याला वाटलं, पेला पडून फुटला असता तर बरं झालं असतं.

"झालं खरं," तो पुटपुटला.

साहेबानं खांदे उडवले आणि त्या रकान्यावर आडवी रेघ ओढली. "मग हा अर्ज पुढं जायचा नाही. इथं सही करा." मास्तरनं सही केली. साहेब हेल्मेट घालून जिना उतरला.

"बघितलंस?" आई सुनेला म्हणाली. "नुसतं तुझं नाव घातलं तर कामाचा विचका झाला."

बायकोनं पेला विसळून पालथा घातला, खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या.

"अगं, आज सुट्टी ना तुझी?" आई म्हणाली.

"सेवेला कसली सुट्टी, आई?" ती म्हणाली आणि बाहेर पडली.

मास्तर तिच्यामागं जिन्यापर्यंत धावला. "ऐक तरी. आईच्या तोंडावर एकदम कसं..."

"नाही म्हणालात, ते मला नवीन नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना बोलावं तसा. "पाचशे कमी का लिहिलंत?"

मास्तरनं वळून घराच्या दाराकडं पाहिलं.

"बँकेला जास्त हवं होतं. आईंना तो कागद वाचता येत नाही. मग कमी कुणासाठी केलंत?"

कठड्याचं लोखंड हातात धरून मास्तर उभा राहिला. ती उतरून गेली.

त्या दिवशी दुकानात त्याच्या हातून एक सरळ शिवण झाली नाही. चावीवाल्यानं विचारलं, "काय मास्तर, पेढे कधी?" तर मास्तर त्याच्यावर असा खेकसला की तो बिचारा गुपचूप कानस घासत बसला. दुपारी मास्तरनं शटर खाली ओढलं आणि वृद्धाश्रमाची वाट धरली. फाटकापर्यंत तो पूर्वी दोनतीनदा गेला होता. आत पाऊल टाकलं नव्हतं.

टेबलापाशी एक जाडजूड बाई बसली होती. मास्तरनं चाचरत आपण कोणाचे मिस्टर ते सांगितलं.

"अगंबाई, तुम्ही होय!" ती उठून उभी राहिली. "बसा ना. कारखाना आहे ना तुमचा, गाड्यांच्या सीटांचा? सांगतात त्या. हाताखाली माणसं आहेत, मिस्टरांना क्षणाची फुरसत नसते. आम्ही म्हणतो, मग तुम्ही कशाला हो हे असलं काम करता? तर म्हणतात, घरी बसवत नाही."

मास्तरनं मान खाली घातली. पँटीला काळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. ते त्यानं एकेक करून काढायला सुरुवात केली.

दाराच्या फटीतून बायको दिसत होती. स्टुलावर बसून तिनं एका म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेतला होता आणि ती त्याची नखं कापत होती. म्हातारा गुदगुल्या झाल्यासारखा खिदळत होता. "करंगळीला हळू हं, ताई! ती माझी लाडकी आहे." "लाडकी आहे तर जरा धुवत जा की तिला," ती म्हणत होती. घरात मास्तरनं तिला असं बोलताना कधी ऐकलं होतं? आठवेना.

तिची नजर वर गेली. तिनं त्याला पाहिलं. ती उठली नाही.

"माझे हात गुंतलेत," ती म्हणाली. "थांबायचं तर थांबा."

मास्तर थांबला नाही. कारखाना या शब्दानं त्याच्या कानशिलात आग पेटली होती. खोटं तर तीही बोलत होती. पण तिच्या खोट्यात तो मोठा होत होता. सहा वर्षं, त्याला न सांगता, त्याच्याकडून काही न मागता. आणि यानं तिला काय दिलं होतं? पाचशेची कात्री.

घरी आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तर उंबऱ्यातच उभा राहिला. बसलो तर बोलणं व्हायचं नाही, हे त्याला माहीत होतं.

"आई, ती फुकट जात नाही. पगार मिळतो तिला. माझ्या दुप्पट. घर तिच्यावर चालतं."

आईचा हात थांबला. "कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"आणि ते पाकीट?"

"तिचंच."

म्हातारीनं हातातल्या ब्लाऊजकडं पाहिलं. तो सुनेचा होता. "म्हणजे मी तिचंच खाऊन तिलाच..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं. आपल्या घरातली बाई लोकांचं असलं काम..."

"मी लोकांची भांडी घासायचे, तेव्हा तुला लाज वाटायची का रे?"

शाळेच्या वाटेवर एका घराचं मागचं दार होतं. तिथं मोरीपाशी आई राखेनं माखलेल्या हातांनी बसलेली असे. दोस्त बरोबर असले की मास्तर लांबच्या गल्लीनं जाई. ही गोष्ट जगात आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं तो आजवर धरून चालला होता.

"तू पलीकडच्या गल्लीनं जायचास," आई म्हणाली. "मी मनाला सांगायची, तिकडून जवळ पडत असेल."

तिनं ब्लाऊजची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मास्तरला तिच्या पायाशी बसायचं होतं. धीर झाला नाही.

संध्याकाळी बायको आली तेव्हा आई खाटेवरून उठली आणि सरकून एका टोकाला बसली. "दमली असशील. टेक जरा," एवढंच म्हणाली. या घरात ती खाट म्हातारीची होती, तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. बायकोनं सासूकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं. ती खाटेच्या कडेला टेकली. पण मास्तरशी ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. त्यानं एकदा "चुकलं माझं" म्हणून पाहिलं. "कळलं," ती म्हणाली आणि दिवा बंद केला.

पुढच्या पगाराला मास्तर सवयीनं लाँड्रीच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. ती आली. त्याचा हात अर्धा पुढं झाला होता. तिनं हाताकडं पाहिलं आणि चालण्याचा वेग कमी न करता पुढं गेली. हात कुठं ठेवावा ते मास्तरला कळेना. वर गेल्यावर तिनं पाकीट स्वतःच फळीवर ठेवलं. आई भिंतीकडं तोंड करून खोकली.

मग एके दिवशी तिनं नवा कोरा अर्ज आणला आणि जमिनीवर पसरला. स्वतःच्या नावानं. लिहिता लिहिता विचारलं, "जोडीदाराचं उत्पन्न. तुमचं किती लिहू?"

"लिही तुला वाटेल ते."

"मला वाटेल ते लिहायची सवय नाही. किती?"

मास्तरनं सांगितलं. गेल्या महिन्यात काम आणखी घटलं होतं, आकडा पहिल्या अर्जापेक्षाही लहान होता. तिनं तो तसाच्या तसा लिहिला. एक पैसा कमी नाही, जास्त नाही. वरच्या रकान्यात स्वतःचा लिहिताना तिनं हात आडवा धरला नाही. मास्तरला दोन्ही आकडे एकाखाली एक बघावे लागले.

कार्ड आलं. दोघं मशीनच्या दुकानात गेली. तिथं दोन मशिनी चालू होत्या, एकच खडखडाट. बायको दाराशी दोऱ्यांची रिळं बघत राहिली. मशीनवाला ओळखीचा. कार्ड उलटसुलट करत तो म्हणाला, "तुमचंच ना, मास्तर?"

"बायकोचं," मास्तर म्हणाला.

"काय? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मशीनवाल्याला काही पडलेली नव्हती. रिळांपाशी बायकोचा हात थांबला होता. मास्तरचे कान लालभडक झाले.

"बायकोचं आहे!" तो ओरडला. "तिचा पगार माझ्यापेक्षा मोठा आहे!"

नेमकं त्याच वेळी दोन्ही कारागिरांनी मशिनी बंद केल्या. अख्ख्या दुकानानं वळून पाहिलं. एकजण हसला. मास्तर गळ्यातला टेप उगाच बोटाला गुंडाळत उभा राहिला, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखा.

बायको पुढं आली, तिनं कार्डाच्या यंत्रात आकडे दाबले, पावती घेतली, घडी करून पिशवीत टाकली.

"एवढं केकाटायची काही गरज नव्हती," रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली.

अर्जासाठी आकडा विचारला तेवढं सोडलं, तर बँकेचा माणूस येऊन गेल्यापासून तिनं आपण होऊन मास्तरशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मशीनचं धूड खांद्यावर घेऊन मास्तर तिच्यामागून चालत होता. त्याचे कान अजून गरमच होते.